काम कुठे थांबते : शिकारी-संग्राहक समाजांतील श्रम आणि विसावा

शेती न करता व गुरे न पाळता, शिकार आणि मासेमारी करून, तसेच रानातील कंद, फळे, बिया व मध गोळा करून जगणाऱ्या समाजांना मानवशास्त्रात शिकारी-संग्राहक समाज म्हणतात. आधुनिक मानवाचे वय सुमारे तीन लाख वर्षे धरले, तर त्यांतील जेमतेम बारा हजार वर्षे शेतीच्या वाट्याला येतात, आणि कारखान्याच्या भोंग्याने बांधलेल्या दिवसाच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास. काम म्हणजे काय, ते किती करावे आणि कोणत्या क्षणी हातावेगळे ठेवावे, या प्रश्नांचा विचार केवळ शेतकरी आणि कामगार समाजांच्या अनुभवावर आधारला, तर मानवी अनुभवाचा फार मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो. तो भाग हिशेबात आणण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेखसंग्रह होय. मात्र आजचे किंवा कालपरवाचे शिकारी-संग्राहक म्हणजे अश्मयुगातून जसेच्या तसे आलेले लोक, अशी समजूत हा संग्रह बाळगत नाही. त्यांनाही शेजारी आहेत, बाजार आहे, सरकार आहे आणि इतिहास आहे. त्यांच्याकडून शिकण्याजोगे जे आहे ते त्यांच्या प्राचीनतेत शोधण्याचे कारण नाही. ते त्यांनी उभारलेल्या सामाजिक व्यवस्थांत आहे.

या विषयाचा आरंभ एका पूर्वग्रहापासून होतो. टॉमस हॉब्ज यांनी १६५१ मध्ये राज्यसंस्थेपूर्वीच्या माणसाचे जे चित्र रेखाटले, त्यात उद्योगाला, कलेला आणि निर्धास्तपणाला जागाच नव्हती. ल्यूइस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ मध्ये मानवी इतिहासाच्या चढत्या पायऱ्या मांडल्या आणि त्यांत सर्वांत खालची पायरी शिकार व संग्रहावर जगणाऱ्यांना दिली. विसाव्या शतकात गॉर्डन चाइल्ड यांनी शेतीच्या उदयाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ हे नाव दिले, आणि त्यानंतर पाठ्यपुस्तकांत असा समज रुजला की शेतीने माणसाला प्रथमच फुरसत दिली व त्या फुरसतीतून कला, लेखन आणि नगरे जन्माला आली. याच काळात वसाहतींतील अधिकारी, मळेवाले आणि मिशनरी या लोकांबद्दल नेमकी उलट तक्रार करीत होते : ते आळशी आहेत, मजुरीला सलग येत नाहीत, दोन दिवसांचे धान्य मिळाले की तिसऱ्या दिवशी दिसत नाहीत. पोटासाठी अखंड वणवण करणारा आणि दिवसभर लोळत पडणारा असा एकच माणूस दोन्ही कसा असू शकेल, हे कोडे कोणाला फारसे खुपले नाही, कारण दोन्ही आरोपांचा उपयोग एकच होता. भारतात हा पूर्वग्रह कायद्याच्या भाषेत उतरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारणांनी महाराष्ट्रातील पारध्यांसह अनेक भटक्या समूहांना जन्मजात गुन्हेगार ठरविले, हजेरी आणि वसाहतीची सक्ती केली, आणि ‘स्थिर कष्टाची सवय लावणे’ हे सुधारणेचे ध्येय मानले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्यातील नजर त्याच्याबरोबर गेली नाही.

या चित्राला पहिला मोठा धक्का एप्रिल १९६६ मध्ये शिकागो येथे भरलेल्या परिषदेत बसला. रिचर्ड ली आणि अर्व्हेन डीव्होर यांनी भरविलेल्या या परिषदेतील निबंध १९६८ मध्ये ‘मॅन द हंटर’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि तेथून हा अभ्यास एक स्वतंत्र शाखा म्हणून उभा राहिला. ली यांनी बोट्स्वानातील (तेव्हाच्या बेचुआनालँडमधील) डोबे पाणवठ्याभोवती राहणाऱ्या जु-होआन्सी लोकांत राहून, जुलै १९६४ मध्ये सलग चार आठवडे प्रत्येक प्रौढ व्यक्ती कोणत्या दिवशी अन्न आणायला बाहेर पडली आणि काय घेऊन परतली याची रोजनिशी ठेवली होती. पद्धत अगदी साधी होती. हिशेब असा निघाला की प्रौढ माणूस आठवड्यातून सरासरी अडीच दिवसांहूनही थोडे कमी, दर वेळी साधारण सहा तास, अन्नाच्या शोधात घालवतो. उरलेले दिवस पाहुणचारात, पाहुणा म्हणून जाण्यात, गप्पांत, नाचात आणि निवांत बसण्यात जातात. अन्नाचा मोठा भाग स्त्रियांनी गोळा केलेल्या वनस्पतींचा होता आणि त्यात मोंगोंगो या झाडाच्या पौष्टिक बियांचा वाटा सर्वांत मोठा होता. तरुण मुले-मुली लग्न होईपर्यंत नियमित कमावत नसत. ४६६ जणांच्या लोकसंख्येत ४६ जण साठी ओलांडलेले होते आणि त्यांना मान होता. विशेष म्हणजे ते वर्ष बोट्स्वानातील कडक दुष्काळाचे होते, आणि आसपासच्या शेतकरी व पशुपालक कुटुंबांतील स्त्रिया त्या दिवसांत जु-होआन्सी स्त्रियांबरोबर रानातील अन्न गोळा करायला येत होत्या.

त्याच परिषदेत मार्शल सॅलिन्स यांनी या आकड्यांना सिद्धान्ताचे रूप दिले. समृद्धीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत, असे त्यांचे म्हणणे होते : एक, खूप उत्पादन करणे, दुसरा, गरजा मर्यादित ठेवणे. दुसऱ्या मार्गाने पाहिले, तर शिकारी-संग्राहक हे ‘आद्य समृद्ध समाज’ ठरतात. १९७२ च्या ‘स्टोन एज इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात ही मांडणी विस्ताराने आली. ली यांच्या नोंदींबरोबरच त्यांनी उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडमध्ये १९४८ साली झालेल्या निरीक्षणांचा आधार घेतला होता, ज्यांत अन्न मिळवणे आणि शिजवणे यांवर दिवसाला सरासरी चार ते पाच तास खर्च होत असल्याचे दिसले होते. सॅलिन्स यांचा निबंध मानवशास्त्राच्या बाहेरही फार वाचला गेला. पर्यावरणवादी, उपभोगवादाचे टीकाकार आणि पुढे लोकप्रिय पुस्तकांचे वाचक या सर्वांपर्यंत तो ‘आठवड्याला पंधरा तास’ अशा आटोपशीर रूपात पोहोचला. मराठी वाचकालाही हा आकडा आता ओळखीचा आहे, आणि म्हणूनच त्याची कसून तपासणी होणे आवश्यक आहे.

ती तपासणी पुढील तीस वर्षांत झाली, आणि ज्यांना ही मांडणी मनापासून पटते त्यांनी तर ती आधी वाचावी. पहिला आक्षेप ‘काम’ कशाला म्हणायचे, हा होता. मोंगोंगोच्या बिया घरी आणल्या म्हणजे पोट भरत नाही. त्या भाजाव्या लागतात, एकेक कवच दगडावर फोडावे लागते, सरपण आणि पाणी आणावे लागते, बाणांची टोके नीट करावी लागतात. स्वतः ली यांनीच १९७९ च्या ग्रंथात अवजारे बनवणे आणि घरकाम यांचे तास मिळवले, तेव्हा आठवड्याची बेरीज सुमारे बेचाळीस तासांवर गेली. हे तास आधुनिक नोकरदाराच्या केवळ कचेरीतील तासांशी नव्हे, तर कचेरी, प्रवास, स्वयंपाक आणि धुणीभांडी यांच्या एकत्रित बेरजेशी ताडून पाहायला हवेत. तसे पाहिले तर फरक उरतो, पण पंधरा तासांचा चमत्कार उरत नाही. आर्नहेम लँडमधील गट अगदी लहान होते, निरीक्षण दोन आठवड्यांच्या आसपासचे होते आणि एका गटात तर लहान मुलेच नव्हती. पॅराग्वेतील आचे पुरुष रानात असताना दिवसाला जवळपास सात तास अन्नासाठी राबतात, असे किम हिल, हिलर्ड कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखविले. नॅन्सी हॉवेल यांच्या लोकसंख्याशास्त्रीय अभ्यासातून जु-होआन्सींमध्ये जन्मलेल्या बालकांपैकी साधारण एक पंचमांश पहिल्याच वर्षी दगावत असल्याचे दिसले. डेव्हिड कॅप्लन यांनी २००० साली या साऱ्या आक्षेपांची एकत्र मांडणी करून ‘आद्य समृद्धी’ची काळी बाजू पुढे ठेवली. बालमृत्यू, अधूनमधूनची उपासमार आणि दुखापती यांचा विसर पाडणारी कोणतीही समृद्धीची कल्पना या संग्रहाला मान्य नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा होता. एडविन विल्मसेन यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादन केले की कलाहारी वाळवंटातील जु-होआन्सींसारखे लोक कधीच एकाकी नव्हते; शतकानुशतके ते पशुपालक आणि व्यापाऱ्यांच्या जाळ्यात होते, आणि त्यांचे ‘शिकारी’ असणे म्हणजे तळागाळात ढकलले जाण्याचा परिणाम होता. ली आणि जॅकलिन सॉलवे यांनी याला उत्तर दिले, आणि ‘कलाहारी वाद’ म्हणून ओळखली जाणारी ही चर्चा बराच काळ चालली. तिचा निवाडा एका बाजूने झालेला नाही. परंतु त्यातून एक शिस्त मात्र रुजली : कोणत्याही समाजाचे तास मोजताना त्याची जमीन कोणाच्या ताब्यात आहे, हेही विचारले पाहिजे.

आकड्यांच्या या वादात एक अधिक खोल प्रश्न काही काळ झाकला गेला. पुरेसे अन्न मिळाले की हे लोक थांबतात, हे बहुतेक निरीक्षकांना दिसले होते. पण ते थांबू कसे शकतात, उद्याची चिंता त्यांना आज आणखी राबायला का लावत नाही, याचे उत्तर तासांच्या तक्त्यात मिळत नव्हते. या संग्रहाच्या दृष्टीने विषयाचा गाभा येथे आहे. जेम्स वुडबर्न यांनी टांझानियातील एयासी सरोवराभोवती राहणाऱ्या हाद्झा लोकांच्या अभ्यासातून १९८२ मध्ये एक भेद मांडला. काही समाजांत श्रमाचे फळ लगेच, त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत उपभोगले जाते. त्यांना ‘तात्काळ-परताव्याचे’ समाज म्हणता येईल. इतरांत फळ पुढे ढकलले जाते : धान्य साठवले जाते, होड्या आणि मोठी जाळी बांधली जातात, जमीन कसली जाते, आणि या साठ्यांचे रक्षण करण्यासाठी हक्क, वारसा आणि अधिकारपदे निर्माण होतात, ते ‘विलंबित-परताव्याचे’ समाज होत. शेती आणि शिकार हा भेद यापुढे दुय्यम ठरतो. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील अनेक समाज शेती करीत नव्हते, तरी सामन मासे वाळवून त्यांचे मोठे साठे करीत होते, आणि तेथे सरदार होते, श्रेणी होत्या, गुलामही होते. शिकारी-संग्राहक म्हणजे समतावादी आणि निवांत, असे सरसकट समीकरण मांडणाऱ्या वाचकाने या एका उदाहरणापाशी जरूर थबकावे.

तात्काळ-परताव्याच्या समाजांत साठा न करणे हा गाफीलपणा नसतो, कारण तेथे साठ्याची जागा वाटणीने घेतलेली असते. मोठी शिकार झाली की मांस छावणीभर जाते. ज्याला हवे तो मागतो, आणि मागितल्यावर नाही म्हणता येत नाही. निकोलस पीटरसन यांनी १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात याला ‘मागून घेतलेली वाटणी’ असे म्हटले. ही वाटणी दात्याच्या औदार्यावर सोडलेली नसते, मागणाऱ्याच्या हक्कावर उभी असते. अशा व्यवस्थेत गरजेपेक्षा अधिक राबण्याला अर्थच उरत नाही, कारण जे अधिक मिळेल ते वाटले जाणार. आणि एखादा दिवस हात रिकामे आले तरी भय नसते, कारण दुसऱ्याचे वाटले जाणार. जु-होआन्सींमध्ये मोठे जनावर मारून आलेल्या शिकाऱ्याची शिकार मुद्दाम क्षुल्लक लेखली जाते आणि तोही ती क्षुल्लकच म्हणून सांगतो, म्हणजे कर्तबगारीतून वरचढपणा जन्मत नाही. ओळीने यश मिळालेला शिकारी काही काळ धनुष्य खाली ठेवून इतरांना संधी देतो, हेही ली यांनी नोंदविले आहे. अधिक काम करून अधिक मोठे होण्याची वाट समाजानेच अशी जाणूनबुजून बंद ठेवलेली असते. नुरित बर्ड-डेव्हिड यांनी निलगिरीच्या परिसरातील नायका लोकांच्या अभ्यासातून यात आणखी एक पदर जोडला. हे लोक रानाकडे आईबापाच्या नात्याने पाहतात, आणि आईबाप लेकरांना देतात तसे रान देत राहील, हा विश्वास त्यांच्या आर्थिक वर्तनाच्या मुळाशी आहे, असे त्यांनी १९९० मध्ये मांडले. हा विश्वास अनुभवावर उभा आहे, आणि रान ताब्यातून गेले की तोही जातो.

काम थांबल्यावर काय होते, याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. हाद्झा दिवसातले सुमारे दहा तास बैठ्या अवस्थेत घालवतात, म्हणजे शहरी माणसाहून कमी नाही, हे डेव्हिड राइक्लेन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविले. पण त्यांतील बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसण्यात जातो, ज्यात पायांचे स्नायू थोडेफार कामात राहतात. खुर्चीत टेकून बसण्याचे आरोग्यावर होणारे परिणाम त्यांच्यात का दिसत नाहीत, याचे एक संभाव्य कारण येथे असावे. झोपेबद्दलची रूढ कल्पनाही बदलली आहे. हाद्झा, कलाहारीतील सान (जु-होआन्सींसह तेथील शिकारी-संग्राहक समूहांचे सामूहिक नाव) आणि बोलिव्हियातील त्सिमाने (हे शिकारीबरोबर थोडी शेतीही करतात) यांच्या झोपेच्या मोजणीत, २०१५ च्या एका अभ्यासानुसार, रात्रीची प्रत्यक्ष झोप सरासरी पावणेसहा ते सात तासांच्या आसपास भरली. ते सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून अधिक जागे राहतात आणि दुपारची झोप क्वचितच घेतात. एका हाद्झा छावणीतील तेहेतीस प्रौढांच्या वीस दिवसांच्या नोंदींत, सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले आहेत असा काळ अवघा अठरा मिनिटांचा भरला; कोणी ना कोणी नेहमी जागे होते, आणि त्यामुळे इतरांना निर्धास्त झोपता येत होते.

जागेपणीच्या त्या रात्रीच्या तासांबद्दल पॉली वीस्नर यांनी केलेला अभ्यास या क्षेत्रातील अत्यंत मोलाच्या अभ्यासांपैकी आहे. जु-होआन्सींच्या दिवसाच्या बोलण्याचा मोठा भाग तक्रारी, उणीदुणी आणि अन्न-पैशांचे व्यवहार यांत जातो. रात्री शेकोटीभोवतीच्या बोलण्यात मात्र चार-पंचमांशाहून अधिक भाग गोष्टींचा असतो, असे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. या गोष्टी दूरच्या नातलगांच्या, जुन्या लग्नांच्या, भांडणांच्या आणि त्यांच्या मिटवणीच्या, प्रवासांच्या असतात, आणि त्यांतूनच पुढे कोणाकडे जायचे, अडचणीत कोणाला हाक मारायची, याचे भान पिढ्यांमध्ये उतरते. येथे विसावा हा कामातून उरलेला शिळा वेळ नाही. वाटणीची जी व्यवस्था माणसाला थांबू देते, ती टिकवण्याचे काम याच वेळात होते.

या चित्रात स्त्रियांचा दिवस कसा दिसतो, हा प्रश्न आरंभीच्या अभ्यासांनी अर्धवट सोडला होता. शिकागोच्या परिषदेच्या शीर्षकातच शिकारी पुरुष होता, तर तिच्यातील आकडे मात्र गोळा करणाऱ्या स्त्रियांचे महत्त्व सांगत होते. सॅली स्लोकम यांनी सत्तरच्या दशकात या विसंगतीवर नेमके बोट ठेवले आणि १९८१ मध्ये फ्रान्सेस डालबर्ग यांनी संपादिलेल्या ‘वुमन द गॅदरर’ या ग्रंथाने स्त्रियांच्या श्रमाला मध्यभागी आणले. पुढे क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओकॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी हाद्झा आजींचे तास मोजले, तेव्हा कठीण जमिनीतून कंद खणणाऱ्या वयस्क स्त्रिया तरुणींपेक्षाही अधिक राबतात आणि त्यांच्या श्रमांवर नातवंडांचे पोषण अवलंबून असते, हे स्पष्ट झाले. फुरसत समाजात आहे म्हणजे ती सर्वांना सारखी आहे, असे नाही. भारतीय वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करताना दिसल्या. असे काम करणारे पुरुष मुळात थोडे, आणि त्यांची मिनिटे ९७.

शेतीकडे वळल्यावर विसाव्याचे काय होते, याचा सर्वांत नेटका पुरावा फिलिपीन्समधील आग्टा लोकांकडून येतो. एकाच समाजात काही जण अजून मुख्यतः मासेमारी व संग्रहावर जगतात, तर काही जण भातशेती आणि मजुरीकडे वळले आहेत. मार्क डायबल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले की दुसऱ्या गटाचे कामाचे तास आठवड्याला सुमारे तीस, तर पहिल्याचे सुमारे वीस आहेत, आणि फुरसत गमावण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. एस्टर बोसरप यांनी १९६५ मध्येच मांडले होते की लोकसंख्येच्या दबावाखाली शेती जसजशी सघन होते, तसतसे त्याच अन्नासाठी अधिक तास राबावे लागते. हा प्रवास एकाच दिशेचा नसतो, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तिच्या उत्तरकाळात हवामान कोरडे होत गेल्यावर शेती खालावली आणि लोक पशुपालन, शिकार व भटकेपणाकडे पुन्हा झुकले, असे म. के. ढवळीकर यांचे प्रतिपादन आहे.

भारतातील शिकारी-संग्राहकांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे, तरी काम आणि विसावा या अंगाने तिचे वाचन फारसे झालेले नाही. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांचा अंदमानवासीयांवरील ग्रंथ १९२२ चा, शरच्चंद्र रॉय यांचा बिरहोरांवरील १९२५ चा, फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा चेंचूंवरील १९४३ चा. छोटा नागपूरच्या बिरहोरांमध्ये फिरते ‘उठलू’ आणि स्थिरावलेले ‘जाघी’ असा भेद रॉय यांनी नोंदविला, आणि वेलींच्या सालीचे दोर वळून ते गावोगाव विकणारे हे लोक शेतकऱ्यांशी व्यवहार ठेवूनही रानाचे राहिले. ब्रायन मॉरिस यांनी केरळच्या मलैपंडारमांना ‘वनव्यापारी’ म्हटले ते याच अर्थाने. भारतीय उपखंडाचे वैशिष्ट्य येथे आहे : शिकारी-संग्राहक येथे शेती आणि जातिव्यवस्थेच्या शेजारी, तिच्या सांध्यांत जगत आले. महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांच्या शिकारीचा कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास दाखवितो की एकाच प्रदेशात हिंडूनही या तिघांनी साधने आणि सावजे वाटून घेतली होती : एकाकडे फासे, दुसऱ्याकडे लहान मांसभक्षक प्राण्यांचे सापळे, तिसऱ्याकडे कुत्री. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बेकायदा झाली. वन्यजीवांसाठी कायदा आवश्यक होता. पण ज्यांचे जगणे त्याने एका फटक्यात गुन्हा ठरविले, त्यांच्या पर्यायी उपजीविकेचा विचार त्या तोडीने झाला नाही.

रायगड, ठाणे आणि पालघरच्या कातकऱ्यांची कथा या संग्रहाच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. खैराचा कात पाडणे, कंद खणणे, खेकडे-मासे धरणे, मध काढणे आणि शेतातील उंदीर पकडणे यांवर जगणाऱ्या या समाजाच्या हातून रान गेले, आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जाऊ लागली, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत मजुराला काम सोडता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला पुढील दशकांत वेठमुक्तीसाठी लढावे लागले. तात्काळ-परतावा आणि विलंबित-परतावा यांपलीकडची अशी ही तिसरी अवस्था आहे, जिच्यात परतावा आधीच खर्च झालेला असतो आणि श्रम मागाहून फेडायचे असतात. अशा माणसाला आज पुरे म्हणता येत नाही. वुडबर्न यांच्या सिद्धान्तात या अवस्थेला घर नाही, आणि मराठी अभ्यासकांनी या क्षेत्रात घालण्याजोगी भर कदाचित याच ठिकाणी आहे.

हा विषय आजच का, याचे उत्तर शहरातही आहे. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये असे भाकीत केले होते की शंभर वर्षांत, उत्पादकता वाढल्यामुळे, आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. २०३० दारात आहे, उत्पादकता त्यांनी कल्पिली तशी वाढली, तास मात्र तसे घटले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील मानवशास्त्रज्ञ जेम्स सुझमन यांनी २०२० च्या ‘वर्क’ या ग्रंथात जु-होआन्सींच्या अनुभवाची सांगड याच कोड्याशी घातली. भारतात आठवड्याला सत्तर, अगदी नव्वद तास काम करावे, अशी विधाने अलीकडच्या वर्षांत उद्योगजगतातून झाली, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या झुंजीनंतर. तेव्हाही प्रश्न यंत्र किती वेगाने चालते हा नव्हता. ते कधी थांबवायचे हे ठरविण्यात कामगाराचा शब्द असावा की नाही, हा होता. शिकारी-संग्राहकांचे जीवन शहरात उतरवता येणार नाही आणि तसा हट्ट येथे कोणी धरलेला नाही. परंतु थांबण्याची मुभा वाटणीतून, नात्यांतून आणि जमिनीवरील सामाईक हक्कातून येते, ही गोष्ट त्यांच्याइतकी स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही समाजाने दाखविलेली नाही. पगारी रजा, पेन्शन, आजारपणातील भत्ता या व्यवस्था त्याच कसोटीवर तपासता येतात.

प्रस्तुत संग्रहाने तीन गोष्टी करण्याचे योजिले आहे. जे मूळ वाद इंग्रजीतून चालले, त्यांचा सांगोपांग परिचय मराठीत व्हावा, आणि त्यातही आकड्यांबरोबर ते कसे मोजले गेले हेही वाचकाला कळावे, हा पहिला हेतू. दुसरा हेतू, काम आणि विसावा यांकडे एकत्र पाहण्याचा; म्हणूनच झोप, गप्पा, नाच, जुगार, पाहुणचार आणि म्हातारपण या विषयांवरील लेखांना शिकारीच्या तंत्रांवरील लेखांइतकीच जागा मिळाली आहे. तिसरा हेतू भारतीय, विशेषतः महाराष्ट्रीय, सामग्री या चर्चेत आणण्याचा आहे, आणि त्यात उणिवा अधिक राहिल्या आहेत, कारण कातकरी किंवा फासेपारधी वस्तीत वर्षभर ठेवलेली वेळेची रोजनिशी संपादनाच्या वेळी हाती नव्हती. समूहांची नावे शक्य तेथे ते स्वतःसाठी वापरतात तशी घेतली आहेत. लेखकांमध्ये मतभेद आहेत; सॅलिन्स यांचे समर्थक आणि टीकाकार दोघेही येथे आहेत, आणि त्यांना एका सुरात आणण्याचा प्रयत्न केलेला नाही.

ज्यांच्या जीवनावर हे सारे लेखन उभे आहे, त्यांपैकी अनेकांची जमीन गेल्या दोन पिढ्यांत गेली. मध्य कलाहारी राखीव क्षेत्रातून १९९७ आणि २००२ मध्ये हलविलेल्या सान लोकांना परतण्याचा हक्क बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केला. त्याच वर्षी भारतात वनहक्क कायदा संमत झाला, आणि त्याखालील सामूहिक दावे कातकरी वाड्यांतून अजूनही दाखल होत आहेत. संग्रहाचा अखेरचा विभाग या दाव्यांवर आहे, कारण ज्या रानातून पोटापुरते आणून माणूस थांबू शकत होता, त्या रानावरील हक्क परत मिळाल्यावर वीटभट्टीच्या हंगामाचे काय होते, हे पाहण्याची संधी त्यातूनच मिळणार आहे.